आंबेनळी घाट एकट्यानं, सायकलवर: सकाळची सावली धरून

सावित्रीकाठ:

डिसेंबरातल्या एका मंगळवारी पहाटे महाडहून सायकल काढली, पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढलो आणि महाबळेश्वर-पाचगणी करून दिवस मावळायच्या आत वाईला उतरलो. सोबत कुणी नव्हतं. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. दोनशे-तीनशे किलोमीटरांच्या बीआरएम (ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या) करणाऱ्यांना ते किरकोळ वाटेल. पण पोलादपूर समुद्रसपाटीच्या जेमतेम वर, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात, आणि मधला रस्ता चाळीस किलोमीटरांचा. एका दमात एवढं चढवणारे डांबरी रस्ते आपल्याकडे फार थोडे आहेत.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही आठ जण याच घाटाला गेलो होतो. पोलादपूरला साडेसहाला भेटायचं ठरलं होतं. एकाचा कॅरिअर ढिला, दुसऱ्याचा नाश्ता राहिलेला, असं करता करता चढाला लागलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. निम्मा घाट होईस्तोवर डांबर तापून खालून झळा मारायला लागलं. माझ्या दोन्ही मांड्यांत गोळे आले, कठड्याला टेकून बसलो ते उठवेना. शेवटी एका टेम्पोत सायकल टाकून वर गेलो. मित्रांवर माझा राग नाही, आठ माणसं म्हटली की एवढा उशीर होतोच. पण त्यानंतर एसटीनं जाता-येता मी खिडकीतून एकच गोष्ट बघत आलो: या घाटात कुठल्या वळणावर किती वाजता ऊन येतं.

रस्ता सावित्रीच्या खोऱ्यातून वर चढतो. पूर्वेला महाबळेश्वरच्या पठाराची भिंत, दक्षिणेला प्रतापगडाकडून उतरलेल्या सोंडा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि घाटाची मोठी लांबी उत्तरेकडे तोंड करून आहे. त्यामुळे समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पिवळंधमक ऊन पडलेलं दिसतं, आभाळ लख्ख झालेलं असतं, तरी आपला रस्ता गारच. डिसेंबरात ही सावली नऊ-साडेनऊपर्यंत पुरते. ती गाठायची तर पोलादपूर उजाडतानाच सोडायला हवं, आणि ते कुणाची वाट न बघता जमतं. एकटं जाण्याचं माझं कारण एवढंच.

सव्वापाचला महाड सोडलं. चवदार तळ्यापाशी दोन मिनिटं थांबलो. महाडहून लांब कुठंही निघताना मी तिथं थांबतो. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ज्या पाण्याची ओंजळ उचलली त्या पाण्याकडे बघून निघालं की पाय वेगळेच चालतात, हा माझा अनुभव आहे. पुढे महामार्गावर राजेवाडीजवळ सावित्रीवरचा पूल लागला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना पूल गेला, गाड्या गेल्या, त्यातली माणसं गेली. नव्या पुलावर दिवे आहेत, खाली नदीचा आवाजसुद्धा नव्हता. महामार्गाचा हा पट्टा काळोखात असतो, म्हणून मागचा लाल दिवा आणि अंगावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट हवंच.

सहा-वीसला पोलादपूर. चहा, दोन उकडलेली अंडी, दोन केळी. बाटल्या तिन्ही काठोकाठ भरल्या. रानबाजिरे धरणाच्या पाण्यावर धुकं बसलं होतं. सुरुवातीचे काही किलोमीटर रस्ता नुसता फसवतो. चढ आहे असं वाटतच नाही, आणि माणूस जोरात निघतो. मागच्या वेळी मी तेच केलं होतं. या वेळी नाकानं श्वास घेत पेडल मारता येईल एवढाच वेग ठेवला. तोंड उघडायला लागलं की एक गिअर खाली.

माझी सायकल साधी हायब्रिड आहे, पुढे तीन चक्रं. सगळ्यात लहान २८ दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं ३४ चं. या जोडीवर मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी सहाच्या थोडी वर सायकल सरकते. तेवढ्यानं घाट चढतो. पुढचं लहान चक्र चौतीसचं असलेल्या नव्या सायकलींना मागे निदान चौतीस हवेतच, नाहीतर गुडघे बोलायला लागतात.

घाटाच्या मध्यावर मागचं चाक मऊ पडल्यासारखं लागलं. सायकल डोंगराच्या बाजूला घेऊन उलटी केली, टायर सोडवला, ट्यूब काढली. नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून चाचपला. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीत, सावकाश, बोटाच्या टोकाला बारीक कुसळासारखं टोचलं. ट्रकचा टायर फुटला की त्यातल्या पोलादी तारांचे तुकडे रस्त्यावर विखुरतात, त्यातलाच एक. जाडी केसाएवढी, आतून जेमतेम एक मिलिमीटर डोकावत होता, बाहेरून तर दिसतच नव्हता. नेलकटरच्या ओठांत धरून ओढला तेव्हा नखाएवढा तुकडा निघाला. तो न काढता दुसरी ट्यूब घातली असती तर शंभर मीटरांत तीही गेली असती. भोकाच्या जागी टायरला छोटीशी चीर होती, तिथं आतून जुन्या ट्यूबचा चौकोनी तुकडा ठेवून वर ट्यूब बसवली आणि पंप मारला. वाईपर्यंत टिकलं.

या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली आणि सावली निम्म्या रस्त्यावर मागे सरकली. तरी कुंभरोशीला पावणेदहाला पोचलो. शेवटची दोन वळणं उन्हात चढलो आणि तेवढ्यातच शर्ट पाठीला चिकटला. मार्चमध्ये हेच ऊन मी अख्ख्या घाटभर घेतलं होतं.

कुंभरोशीला पिठलं-भाकरी, ठेचा, वर ताक. प्रतापगडाचा फाटा इथंच. गड या वेळी केला नाही, पायांत तेवढी शिल्लक नव्हती. पण फाट्यावर उभं राहून बराच वेळ बघत बसलो. एका अंगाला पडलेला पाऊस सावित्रीत जातो आणि माझ्या घरावरून अरबी समुद्राला मिळतो. दुसऱ्या अंगाचा कोयनेत उतरतो, कराडला कृष्णेत मिसळून पार बंगालच्या उपसागराला जातो. कराड माझं आजोळ. इतकी वर्षं या खिंडीतून एसटीनं आजोळी गेलो, पण आपल्या दोन्ही घरांचं पाणी इथं वेगळं होतं हे सायकलवरून उतरून उभा राहिलो तेव्हा प्रथम कळलं.

पुढचा टप्पा वीस-एक किलोमीटर. मेटतळ्याच्या पुढे झाडी दाट होते, जांभूळ, अंजनी, हिरडा. एका वळणावर शेकरू फांदीवरून फांदीवर गेलं, त्याची शेपटी झाडाआड होईपर्यंत मी पेडल थांबवून उभा. शेवटचे पाच किलोमीटर मात्र मन लावून चढावे लागतात, तिथं लिहिण्यासारखं काही नाही, फक्त मोजत राहायचं. एक वाजता महाबळेश्वर. मंगळवार असूनही वेण्णा तलावाशी गाड्यांची रांग होती, शनिवार-रविवारी या रस्त्याला जाऊच नये. पाचगणीपर्यंत चढ-उतार, मग पसरणी घाट, आणि साडेतीनला वाईच्या गणपती घाटावर पाय पाण्यात सोडून बसलो.

कुणाला जायचं असेल तर जरूर विचारा.

गिअरबॉक्स:

झकास. सरासरी चढ किती टक्के पडतो?

सावित्रीकाठ:

पोलादपूरपासून धरला तर सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. पण सुरुवातीची सपाटी त्यात मोजली जाते, त्यामुळे खऱ्या घाटात जास्तच वाटतो. तरी कुठं भिंतीसारखा नाही. इंग्रजांच्या काळात बैलगाड्या जाव्यात म्हणून आखलेला हा रस्ता, गव्हर्नर फिट्झगेराल्डच्या नावानं ओळखला जायचा. बैलाला झेपेल असा चढ सायकललाही झेपतो.

दमछाक:

तीन बाटल्या म्हणजे पाण्याचंच अडीच किलो ओझं झालं की. मी घाट चढताना एकच बाटली ठेवतो, वाटेत मिळतं पाणी. वजन कमी तेवढा चढ सोपा.

न्यूटनचा_शिष्य:

दमछाक, हा गैरसमज फार जणांचा आहे, म्हणून आकडे मांडतो. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. तेराशे मीटर वर न्यायला साधारण साडेअकरा लाख ज्यूल लागतात, म्हणजे २७५ किलोकॅलरी. पण आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातली वीस ते पंचवीस टक्के ऊर्जाच पेडलपर्यंत पोचवतं. म्हणजे नुसत्या चढासाठी शरीर ११०० ते १४०० किलोकॅलरी जाळणार.

आता एक लिटर पाणी जास्त घ्या. नव्वदावर एक किलो, एक टक्क्याहून किंचित जास्त. साडेचार तासांच्या चढाला जेमतेम तीन मिनिटं वाढतील, आणि पाणी पीत जाल तसं ते ओझंही उतरत जाईल.

उरलेली पाऊण ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, आणि सावित्रीकाठ सावलीबद्दल जे म्हणतात त्याचं मूळ इथं आहे. सपाटीवर ताशी पंचवीसनं जाताना अंगाला वारा लागतो, घाम वाळतो, अंग थंड राहतं. घाटात ताशी सात-आठचा वेग. वारा नाही, घाम नुसता निथळतो, आणि उष्णता सगळ्यात जास्त तेव्हाच तयार होत असते. त्यात डोक्यावर ऊन आलं तर शरीराला ती टाकायला जागाच उरत नाही. तुमचे गोळे त्यातूनच आले असणार, घामावाटे मीठ आणि पाणी दोन्ही गेलं. पुढच्या वेळी एका बाटलीत चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू.

दमछाक:

तीन मिनिटं! मी उगीच इतकी वर्षं तहानलेला चढलो. हिशोबाबद्दल मनापासून आभार.

सावित्रीकाठ:

न्यूटनचा_शिष्य, घाम वाळत नाही हे मी अंगावर अनुभवलं होतं, का ते आज कळलं. दुसरं म्हणजे वर जाल तशी हवाही थंड होते, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश. पोलादपूरला घाम पुसणारा माणूस महाबळेश्वरला पाच मिनिटं थांबला की कुडकुडतो. विंडचीटर वरच ठेवा.

वाईकरीण:

आमचा पसरणी घाट तुम्ही एका ओळीत उरकलात! वाईहून पाचगणी बारा-तेरा किलोमीटर आणि चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास. म्हणजे सरासरीत तुमच्या आंबेनळीपेक्षा खडा. शिवाय त्याचं वेळापत्रक बरोबर उलटं आहे. घाटाचं तोंड वाईकडे, त्यामुळे सकाळी आठलाच ऊन पाठीवर बसतं आणि दुपारी साडेतीन-चारनंतर सगळा रस्ता सावलीत जातो. मी शाळा सुटली की निघते आणि अंधाराच्या आत परत येते. आठवड्यातून दोनदा, बहुतेक वेळा एकटीच.

वाईहून महाडला उलट जाणाऱ्यांनी म्हणून पहाटे अंधारातच पसरणी चढून घ्यावा, म्हणजे आंबेनळी उतरायला आख्खा दिवस राहतो.

साठीनंतर:

सावित्रीकाठ, लिखाण आवडलं, तरी स्पष्ट बोलतो. घाटात एकट्यानं जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. मी तेहतीस वर्षं सायकल चालवतो. सहा वर्षांपूर्वी एका घाटात उतरताना वळणावर बारीक खडी होती, पुढचं चाक घसरलं आणि मी आडवा झालो. गळपट्टीचं हाड मोडलं. सायकल दहा-पंधरा फूट खाली झुडपांत जाऊन अडकली, आणि फोन होता हँडलच्या पिशवीत. मला तिथवर उतरता येईना. दुधाचा टेम्पो येईपर्यंत चाळीस मिनिटं मी रस्त्याच्या कडेला बसून होतो. तो वेळ कसा काढला ते माझं मला माहीत. सोबत एक जण जरी असता तर फोन लागला असता.

सावित्रीकाठ:

काका, तुमचं म्हणणं मी मनावर घेतो. उतारावर एकटेपणाची किंमत जास्त असते यात शंका नाही. मी काय करतो ते सांगतो. फोन सायकलवर नाही, जर्सीच्या मागच्या खिशात, पाठीला. घाटात काही वळणांवर रेंज जाते, म्हणून बहिणीला आधीच वेळापत्रक दिलेलं असतं: पोलादपूर साडेसहा, कुंभरोशी दहा, महाबळेश्वर दीड. प्रत्येक ठिकाणाहून मेसेज. अकरापर्यंत कुंभरोशीचा मेसेज नाही आला तर तिनं तिथल्या हॉटेलात फोन करायचा, त्यांचा नंबर आदल्या महिन्यात जाऊन घेऊन ठेवला होता. बारापर्यंत पत्ता नाही तर ११२. पंक्चरमुळे उशीर झाला तरी मी अकराच्या आत होतो. आणि खडीबद्दल शंभर टक्के बरोबर, पसरणी मी वळणागणिक वेग कमी करत उतरलो.

साठीनंतर:

हॉटेलवाल्याचा नंबर आधी घेऊन ठेवणं ही गोष्ट मला आजवर सुचली नव्हती. माझं मत अजून तेच आहे, पण इतकी तयारी करून जाणाऱ्याला मी अडवणार नाही.

चेनगार्ड:

उताराचा विषय निघालाच आहे तर ब्रेकबद्दल. रिम ब्रेकवाल्यांनी (ज्यांचे ब्रेक चाकाच्या कडीवर घासतात त्यांनी) पसरणीसारख्या घाटात ब्रेक सतत दाबून धरू नये. घर्षणानं रिम तापते, आतल्या हवेचा दाब वाढतो आणि ट्यूब फुटायची भीती असते. सरळ पट्ट्यात थोडं सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा, पुन्हा सोडा. निघण्याआधी ब्रेक शूच्या खाचा बघा. खाच दिसत नसेल तर शू बदलल्याशिवाय घाटात जायचंच नाही. डिस्कवाल्यांनीही पॅड बघावेत.

भटकी_पावलं:

मी पुण्यात असते, पनवेल-अलिबाग, सिंहगड असं करते, पण एकटीनं मोठा घाट कधी केला नाही. हा धागा वाचून फार मनात आलंय. घरी विषय काढला तर आई म्हणाली, कुणाला तरी घेऊन जा. वाईकरीणताई, तुम्ही एकट्या जाता म्हणता. खरं सांगाल का, भीती वाटत नाही?

वाईकरीण:

वाटते. खोटं कशाला सांगू. सुरुवातीचे सहा महिने मी मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत चढायचे. एक दुचाकीवाला दोनदा पुढे जाऊन थांबला होता तेव्हा मी सरळ समोरच्या रसवंतीत शिरले आणि तो जाईपर्यंत बसून राहिले. तिथल्या काकूंनी काही विचारलं नाही, एक ग्लास रस दिला आणि पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे: नव्या रस्त्यावर पहिल्यांदा एसटीनं जायचं आणि कुठल्या वळणावर माणसं असतात ते बघून ठेवायचं. टपरी, शाळा, मंदिर, रस्त्याच्या कामावरची माणसं. दोन माणसांच्या जागांमधलं अंतर कळलं की रस्ता तुकड्यांत येतो, मग तो एवढा मोठा वाटत नाही. अंधारात महामार्ग टाळा. आणि आईला वेळापत्रक द्या, सावित्रीकाठांनी बहिणीला दिलं तसं. माझी आई आता मेसेज उशिरा आला तर रागावते, पण जाऊ नको म्हणत नाही.

गिअरबॉक्स:

दुचाकीवाल्याचं वाचून वाईट वाटलं. रसवंतीच्या काकूंना नमस्कार सांगा.

पोलादपूरकर:

भटकी_पावलं ताई, महाड-पोलादपूर महामार्ग अंधारात करू नका. आदल्या दिवशी एसटीनं पोलादपूरला या, सायकल टपावर नाहीतर डिकीत बसते, कंडक्टरशी नीट बोललं की ते सांगतात कुठं घालायची ते. रात्री मुक्काम करा आणि उजाडता उजाडता निघा. आमच्या भागातली माणसं सायकलवाल्याला हाक मारून पाणी विचारतात, संकोच करू नका.

आमची आजी सुकटीची पाटी डोक्यावर घेऊन पार गावाच्या घाटानं वर जायची. येताना घेवडा, बटाटे. ती कोंबडा आरवायच्या आत घर सोडायची आणि म्हणायची, उन्हाआधी पार गाठायचा. हा धागा वाचताना तिचाच आवाज कानात आला. पार गावाला कोयनेवर शिवकाळातला दगडी पूल अजून उभा आहे आणि रामवरदायिनीचं देऊळ आहे. कुंभरोशीहून वेळ काढून खाली जाऊन या, फक्त परत चढायचं आहे हे धरून.

दोन सूचना मनापासून. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, हा घाट सायकलवर नको. २०२१ च्या २२ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, आमच्या घाटाचा रस्ता जागोजागी तुटला, त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गाव डोंगराखाली गेलं. पावसाळ्यात रस्ता अधूनमधून बंदही असतो. ऑक्टोबरातही निघण्याआधी पोलादपुरात कुणालाही विचारा, रस्ता सुरू आहे का ते गावाला आधी कळतं. आणि दाभिळ टोकापाशी कठड्याला लागून थांबू नका. २०१८ च्या जुलैत तिथं बस दरीत गेली, तेव्हा महाबळेश्वर-महाड-पोलादपूरची ट्रेकर पोरं दोर लावून खाली उतरली होती. त्यांच्याकडून जे ऐकलं ते इथं लिहवत नाही. थांबायचं तर डोंगराच्या बाजूला, रुंद जागा बघून.

सावित्रीकाठ:

पोलादपूरकर, आजीचं वाचून गलबललं. मी घड्याळ लावून जे शोधलं ते त्या पाटी घेऊन रोज करत होत्या.

न्यूटनचा_शिष्य:

आणखी एक. महाबळेश्वरला माकडं पॅनियरची, म्हणजे कॅरिअरला लावलेल्या पिशवीची, चेन उघडतात. खाणं आत, घट्ट डब्यात. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथं उग्र वासाचं काही अंगाला लावू नका आणि जळतं काहीही नको.

चेनगार्ड:

गव्यांचंही सांगून ठेवतो. महाबळेश्वर-मेटतळे पट्ट्यात सकाळी-संध्याकाळी रस्त्यावर येतात. दिसला तर लांबच थांबा, घंटी वाजवू नका, तो जाईपर्यंत वाट बघा. दहा मिनिटं जातील, जाऊ द्या.

भटकी_पावलं:

सगळ्यांचे खूप आभार. आईला हा धागा वाचायला दिला. तिनं दोनदा वाचला, पोलादपूरकर यांच्या आजीचं तर मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, वेळापत्रक लिहून फ्रिजवर लाव. मागे ३२ दात्यांचं चक्र होतं, दुकानात जाऊन ३४ चं बसवून घेतलं. पुढच्या बुधवारी.

वाईकरीण:

वाईला मुक्काम करायचा तर मला निरोप पाठवा. ताटात भाकरी असेल.

भटकी_पावलं:

पोलादपूर सहा-चाळीसला सोडलं. आता कुंभरोशी, दहा-वीस. आईला मेसेज केला. तासाभरापूर्वीच ऊन आलं, सामान बांधण्यात उशीर झाला माझा. दोन बाटल्या संपल्या, इथं भरून घेतल्या. पाय ठीक आहेत. पुढचा रस्ता सावलीत आहे का?

सावित्रीकाठ:

मेटतळ्यापर्यंत ऊन लागेल, डोक्यावरचा रुमाल भिजवून घ्या. त्याच्या पुढे झाडी आहे. सावकाश निघा, भाकरी खाऊनच.